लपवलेल्या पत्त्यांचे पाहुणे

"मावशी! अवो मावशी! बाहीर या पयले! माया दारात मेळावा भरवला का काय तुमी?"

मनोहरभाऊंचा आवाज होता तो. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली त्यांची. देवळीच्या स्टँडवर उभं राहून त्यांनी "वर्धा, वर्धा, वर्धा" अशी हाक दिली की तिकडे वर्ध्यात माणसं आपल्याला कोणी बोलावलं म्हणून वळून पाहत, असं माझं प्रामाणिक मत आहे. तो आवाज रविवारी सकाळी माझ्या अंगणात. मी केसांना तेल लावत बसले होते, तशीच बाहेर आले.

"काय झालं, भाऊ?"

"मले काऊन इचारता? तुमालेच माहीत! एक गाडी आली, म्हटलं बरं झालं. दुसरी आली, म्हटलं हे काय. आता पार पिठाच्या गिरणीपासून गाड्या लागून राह्यल्या. एक जण तेवढा घोड्यावर यायचा बाकी हाय!"

"पण कोण आले?"

"पाहुणे! ज्योतीले पाहाले! सगळे ज्योतीलेच पाहाले!"

माझ्या हातातली फणी गळून पडली. ती अजून सापडलेली नाही.

आता वाचकांना काही कळायचं तर मला जिन्यापासून सुरुवात करावी लागेल. देवळीत खताच्या दुकानाच्या बाजूने एक जिना वर जातो. तिथे माझं वधू-वर सूचक केंद्र होतं. खालून युरियाचा वास, वरती लग्नाची बोलणी. किती लग्नं जमवलीस, असं मला कोणी विचारलं तर मी दर वेळी वेगळा आकडा सांगते आणि तो नेहमी वाढताच असतो. खरा हिशेब एवढाच की, जिल्ह्यातल्या कुठल्याही मांडवात मी गेले की अर्ध्या बायका पाया पडतात आणि अर्ध्या तोंड फिरवतात. काही घरांना पत्रिका जुळवून हवी असायची, बौद्ध घरांत पत्रिकेचं नावसुद्धा कोणी काढत नसे, पण "पोरगा पिते का?" हा प्रश्न सगळीकडे सारखाच, आणि विचारतानाचा दबका आवाजही सारखाच.

पन्नाशीनंतर मी कॉम्प्युटर शिकले. कारण सांगते. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला बायोडाटा मुलाकडे पोचायच्या आत त्याच्या आत्याच्या नणंदेकडे पोचतो आणि तिथून मुलीच्या जुन्या सासरी. म्हणून मी ई-मेल धरला. नोकरी-धंदा करणाऱ्या प्रत्येकाला कशासाठी तरी ई-मेल काढून घ्यावाच लागतो. तो उघडायचा कंटाळा असतो, ही त्यातली चांगली गोष्ट. आत्याची नणंद ई-मेल उघडत नाही.

ई-मेलमध्ये पत्ता लिहायला जागा असतात. एका जागेत सगळ्यांचे पत्ते लिहिले की ती झाली पंगत. कोण कोणाच्या मांडीला मांडी लावून बसलंय, हे सगळ्यांना दिसतं. दुसरी एक जागा असते, तिला बीसीसी म्हणतात. तिथे पत्ते लिहिले की तो झाला घरपोच डबा. जेवण तेच, पण प्रत्येकाला वाटतं की डबा आपल्याकडेच आला. शेजाऱ्याकडे गेला की नाही, ते झाकणावर लिहिलेलं नसतं. एवढंच ते शास्त्र आहे. मला ते कळायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात लोकांची पोरं बारावी होतात.

सुरुवातीला मी पंगतच मांडत असे, आणि ती समजून उमजून. सगळे पत्ते उघडे ठेवले की केंद्र कोणाला झुकतं माप देत नाही हे दिसतं, असा माझा बाणा होता. त्या बाण्याला पहिला तडा पुलगावकडच्या एका गृहस्थांनी दिला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, रिटायर झाले होते, एकटेपण खात होतं. त्यांनी गुपचूप नाव नोंदवलं. त्यांचा मुलगा नागपूरला होता, त्याची सोडचिठ्ठी झाली होती. त्यानेही गुपचूप नाव नोंदवलं. एका बायोडाट्याचा मेल दोघांनाही गेला. बापाने वरची नावं वाचली, पोराने वरची नावं वाचली. संध्याकाळी दोघांचे फोन मला एकाच वेळी आले. "मावशी, हे आमच्या बाबाचं नाव इथं काऊन?" आणि "मावशी, माया पोराले काई सांगू नका." मी दोन कानांना दोन फोन लावून उभी. शेवटी मीच त्यांना म्हटलं, तुम्ही एकमेकांशी बोला, मी मधून जाते. नंतर बापाचं जमलं. मुलाचं अजून पाहणं सुरू आहे.

पण ज्योतीचं प्रकरण निराळं होतं.

ज्योती मनोहरभाऊंची थोरली मुलगी. देवळीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेण्याचं काम करते. हात एवढा हलका की सुई टोचून झाल्यावर लोक विचारतात, "कधी घेणार?" हिंगणघाटला दिली होती, चार-दोन वर्षांत परत आली. का परत आली ते मी लिहिणार नाही. नावं बदलूनही काही गोष्टी लिहायच्या नसतात. तिचा बायोडाटा मी पहिल्या खेपेला नेहमीसारखा उघड्या पत्त्यांनी पाठवला होता. झालं काय, की पहिल्याने दुसऱ्याचं नाव पाहिलं आणि फोन लावला, "तू जाऊन राह्यला का?" दुसरा म्हणाला, "तू नाई जात तं मी कायले जाऊ?" तिसऱ्याने चौथ्याला विचारलं, "पोरगी परत काऊन आली, माहीत हाय का तुले?" चौथ्याला माहीत नव्हतं, पण त्याने सांगितलं. ठरलेल्या दिवशी मनोहरभाऊंकडे कोणीच आलं नाही. भिजवलेले पोहे गाईला घातले.

त्यानंतर ज्योती माझ्या जिन्यावर आली. खुर्चीवर बसलीही नाही.

"मावशी, एक डाव अजून पाठवा. बाबांसाठी म्हणून राह्यले. पण कोणाले गेला, हे कोणाले दिसलं नाई पाहिजे. ते एकमेकांत बसून माह्याबद्दल बोलतात, ते मले नको. आता बोभाटा झाला तं माह्यं नाव काढून टाका. मंग लग्नाचा विषय बंद. कायमचा."

तिच्या मागे जिन्यात मनोहरभाऊ उभे होते. आयुष्यभर ओरडलेला माणूस, त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. फक्त माझ्याकडे पाहत होते. मी ज्योतीला शब्द दिला.

मग मी बसले कॉम्प्युटरपुढे. सगळे पत्ते बीसीसीत घातले. एक-एक पत्ता घालताना वाटत होतं, मी माणसांना पडद्याआड लपवतेय. मजकुरात लिहिलं, "मुलीस रविवारी सुट्टी असते. भेटीपूर्वी केंद्रात फोन करावा." आणि पाठवून दिला. कोणाला काही दिसलं नाही. माझी छाती अशी फुगली की ब्लाउजचा हूक तुटला.

पुढचा तो रविवार.

मी मनोहरभाऊंच्या मागे धावत गेले. अंगणात पोचले तर काय! पार्ट्या किती होत्या, यावर आजही मतभेद आहेत. मनोहरभाऊंच्या मते दहा-बारा. त्यांच्या शेजारणीच्या मते वीस. दिवाळी अंक आहे म्हणून मी तीस धरते. प्रत्येक पार्टीत मुलगा, मामा, मावशी, एक ड्रायव्हर आणि एक असा माणूस जो प्रत्येक पार्टीत असतोच आणि कोणाचा कोण ते कळत नाही. गल्लीतल्या सगळ्या घरांतल्या खुर्च्या आल्या होत्या. देवळीत त्या दिवशी पोहे संपले. कढीपत्त्याचं एक झाड होतं, ते बोडकं झालं. ते पुढल्या वर्षीसुद्धा बिचकतच फुटलं.

मनोहरभाऊ दाराशी उभे राहिले आणि त्यांच्यातला कंडक्टर आपोआप जागा झाला. "मांगं सरका! अजून मांगं सरका! लेडीज इकडून बसा! दारात उभं राहू नका, चला!" आणि लोक खरंच मागे सरकत होते.

जामच्या चौकात ढाबा चालवणारा एक धिप्पाड मुलगा सगळ्यांच्या पुढे बसला होता. तो उठला आणि मोबाइल हवेत धरून म्हणाला, "मावशी, तुमी आल्या हे बरं झालं. या लोकाइले सांगा. मेल मले आलता. वर पाहा, दुसऱ्या कोणाचंच नाव नाई."

"मायाबी फोनात दुसरं नाव नाई," समुद्रपूरहून भाच्याला घेऊन आलेले एक मामा उठले. "खास आमालेच पाठवला म्हणून आमी दुसरं स्थळ सोडून आलो."

"आमालेबी खासच!"

"मंग खास किती जणाइले हाय, मावशी?"

मी म्हटलं, "अरे बाबांनो, आधी फोन करा असं लिहिलं होतं ना?"

मामा माझ्याकडे असे पाहत राहिले, जसं मी त्यांना चपला डोक्यावर घालायला सांगितलं. "फोन कायले? निरोप आला तं माणूस जाते. पोरीचा बाप बोलावते आन आपण वरून इचारायचं, येऊ का म्हणून? बरं दिसते का ते?"

आता यात चूक कोणाची, मला सांगा. आमच्याकडे लग्नपत्रिकेवर हाताने नाव लिहिलेलं नसेल तर माणूस जेवायला फिरकत नाही. नाव राहिलं म्हणून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत. आणि इथे ज्या मेलवर कोणाचंच नाव नव्हतं, त्याला अख्खा जिल्हा आला! नाव दिसलं तेव्हा कोणी आलं नाही, नाव लपवलं तेव्हा कोणी घरी थांबलं नाही. मी तिथे अंगणात उभी राहून विचार करत होते, आणि खरं सांगते, आजही करते.

तोवर मामांनी एक खाट ओढली. "सगळे फोन इथं ठेवा. दूध का दूध होऊन जाऊ दे." खाटेवर फोनांची रांग लागली. सगळे वाकून पाहू लागले. प्रत्येक फोनवर तेच, पाठवणार आमचं केंद्र आणि घेणारही आमचं केंद्र. बीसीसीत सगळे पत्ते घातले की वरच्या जागेत काहीतरी लिहावं म्हणून मी आपलाच पत्ता लिहिला होता.

ढाबेवाल्याने डोकं खाजवलं. "म्हणजे मावशीनं मावशीले पाठवला?"

"मंग आपल्याले कसा आला?"

"आपल्याले आलाच नाई," मामा निर्णय देऊन मोकळे झाले. "ज्यावर कोणाचं नाव नाई, थो कोणालेच आला नाई."

"मंग आपण इथं कायले बसलो?"

सगळे पुन्हा पोहे खाऊ लागले.

मी खुर्चीवर चढून सांगायला गेले. पंगत सांगितली, घरपोच डबा सांगितला. म्हटलं, मेल सगळ्यांना गेला, फक्त कोणाचा पत्ता कोणाला दिसू नये म्हणून मी पत्ते लपवले. बस्स. एवढं म्हणायचा अवकाश, सगळ्या पार्ट्या उठून उभ्या.

"लपवले? आमी लपवायसारखं काय केलं?"

"माया नावात काय खोट हाय, सांगा!"

"माया भाच्याचा पत्ता कोणाले दाखवायच्या लायकीचा नाई का?"

आणि मग जे व्हायला नको होतं ते सुरू झालं. रागावलेली माणसं गटागटाने बोलू लागली. आवाज बारीक झाले. बारीक आवाज मला ओळखू येतो, माझा धंदाच तो. "हिंगणघाटले दिलती म्हणे." "परत काऊन आली?" "काईतरी असनच, तवाच तं एवढी लपवालपवी." ज्या बोलण्यापासून पोरीला वाचवायला मी सगळा खटाटोप केला, ते बोलणं आता तिच्याच अंगणात, तिच्याच घरचे पोहे खात चाललं होतं.

ज्योती बाहेर आली. नटली नव्हती, लॅबला जाते तशाच पंजाबी ड्रेसमध्ये.

"पत्ते लपवाले मीच सांगतलं होतं," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाई, मायासाठी. आता जे बोलून राह्यले ना तुमी, त्याच्याचसाठी. आज मी कोणालेच भेटत नाई. पोहे खाऊन जा."

आणि आत गेली. मी मागे गेले तर म्हणाली, "मावशी, शब्द आठवते ना? नाव काढा."

गाड्या निघाल्या. ढाबेवाला जाताना मनोहरभाऊंना हात जोडून म्हणाला, "काका, चुकलं असन तं माफ करजा. पोहे मात्र फस्ट क्लास." मनोहरभाऊ खुर्च्या मोजून ज्याच्या त्याच्या घरी देत होते. सगळ्या दिल्यावर एका खुर्चीवर बसले. ती शेजाऱ्याचीच होती, पण द्यायची विसरले. "मावशी," म्हणाले, "मी काई बोलत नाई तिले. पण माया मांगं तिचं कोण हाय, सांगा." मी, जी पूर्ण मांडवाला गप्प करते, ती गप्प.

दुसऱ्या दिवसापासून मी फोन बंद ठेवला. लोक शिव्या द्यायला फोन करत होते आणि मला त्या सगळ्या पाठ झाल्या होत्या. ज्योतीचं नाव काढायला कॉम्प्युटर उघडला, तर एक मेल येऊन पडला होता. सेलूचा प्रशांत. मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं त्याचं. त्याला मी पत्त्यांच्या गर्दीत विसरूनच गेले होते. लिहिलं होतं: "मेल वाचला. भेटीपूर्वी फोन करावा असं आहे म्हणून केंद्रात फोन केला, लागला नाही. म्हणून लिहून विचारतो. त्यांची इच्छा असेल तरच येईन. केव्हा आणि कुठे यायचं, ते त्यांनी सांगावं."

मी तो मेल एवढ्यांदा वाचला की स्क्रीन झिजली. अख्ख्या जिल्ह्यात एक माणूस निघाला, ज्याने शेवटची ओळ वाचली होती! मोबाइल सुरू केला, त्यावर तो मेल उघडला आणि तडक लॅबमध्ये गेले. रांगेत उभी राहिले. माझा नंबर आल्यावर ज्योतीने हात पुढे करायला सांगितला. मी मोबाइल पुढे केला.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मागचे म्हातारबुवा खाकरले. "मावशी, मी नाव काढाले सांगतलं होतं."

"काढते. आधी याला काय कळवू ते सांग."

तिने म्हातारबुवांना खुणेने थांबवलं. मग म्हणाली, "घरी नको. बुधवारी लॅबमध्ये येजो म्हणा. उपाशीपोटी. रक्त द्यायले आल्यासारखा. कोणाले कळलं नाई पाहिजे."

बुधवारी प्रशांत आला. मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून निष्कारण कागद काढून घेत होते. त्याने "जय भीम" म्हटलं, रांगेत बसला, नंबर आल्यावर बाही वर केली. ज्योतीने खरंच सुई टोचली. लोक म्हणतात तिने त्याची साखर, थायरॉइड, कावीळ, सगळं तपासून घेतलं. मी एवढंच पाहिलं की बोळा दाबून धरून तो बाकावर बसला तो उठेचना, आणि मागच्या रांगेला वाटलं याला चक्कर आली. अख्ख्या देवळीत कोणाला काही कळलं नाही. भरदिवसा, भर रांगेत. मी आयुष्यात जमवलेल्या भेटींत एवढी झाकलेली भेट दुसरी नाही, आणि ती मी जमवलीच नव्हती.

लग्न विहारात झालं, थोडक्यात. आमंत्रणं मनोहरभाऊंनी घरोघरी जाऊन दिली, ई-मेलचं नाव काढू दिलं नाही. ढाबेवाल्याला बोलावलं होतं, तो आला आणि स्वयंपाकात घुसला. मी पाहुण्यांना गोष्ट सांगत फिरत होते की, कसा एकट्या प्रशांतने शेवटपर्यंत मेल वाचला, कसा तो एकटाच समजदार. त्याच्यासमोरही सांगितली. त्याने मला बाजूला घेतलं.

"मावशी, हे सांगू नका वो. मी काई समजदार नाई. माह्या मेलचा पासवर्ड विसरलो होतो. मेल उघडलाच रविवारनंतर. तोवर देवळीचा तमाशा आमच्याकडे पोचला होता. तवा मंग घाबरून नीट वाचला. आधी दिसला असता तं मीबी आलो असतो, मामाले घेऊन."

माझी तर भूकच गेली. म्हणजे जेवले, पण कमी. केंद्र पुढे बंद झालं, आता पोरं मोबाइलमध्येच स्थळं पाहतात, जिन्यात कोणी येत नाही. त्याचं दुःख आहेच, पण हे दुःख निराळं. ज्या गुणावर पोरीने माणूस निवडला, तो गुणच नव्हता, आणि हे तिच्यापासून मी लपवू की उघडं करू? ज्या दोन जागांत मी आयुष्यभर घोळ घातला, त्याच दोन जागा पुन्हा समोर. शेवटी मध्यंतरी ज्योती माहेरी आली तेव्हा राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. तिच्या तोंडाकडे पाहत बसले.

ज्योती भेंड्या चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "माहीत हाय मले. पासवर्ड आता मायाजवळच राह्यते."